डाव्या हाताचं बटण

१४ जून २००४, सोमवार

राधाबाईंनी सांगितलंय, रोज चार ओळी जपानीत लिहीत चला. मला अजून जपानीत स्वतःचं नाव लिहिताना घाम फुटतो, म्हणून मराठीत लिहितो. सकाळचे साडेपाच झालेत. द्वारका दूध आणायला खाली गेली आहे. ती वर येईपर्यंत उरकायचं.

काल नारायण पेठेत पहिला तास झाला. तिसावर मुलं होती, त्यांत पांढऱ्या मिशांचा मी एकटा. बाकी सगळी हिंजवडीची, सुट्टीच्या दिवशीही गळ्यात कंपनीचा पट्टा. राधाबाई करंदीकर साठीच्या असतील, आवाज मात्र शाळेच्या घंटेसारखा. त्यांनी एकेकाला उभं करून विचारलं, जपानी कशाला शिकायचंय? योगेश नावाचा मुलगा म्हणाला, "ऑनसाइट मिळतं मॅडम, आणि पगार वाढतो." एक मुलगी म्हणाली, तिकडची व्यंगचित्रं मुळातून वाचायची आहेत. माझी पाळी आली.

"धंद्यासाठी."

"कसला धंदा?"

"शिवण्याला प्रेस शॉप आहे. गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढतो."

"पत्र्याला जपानी कळतं का?"

वर्ग हसला, मीही हसलो. तीस वर्षं पुण्यात काढली आहेत, असलं बोलणं मला आता चहासोबत लागतं.

खरं कारण वर्गात सांगण्यासारखं नव्हतं. आम्ही माल देतो त्या मोठ्या कंपनीच्या जपानी भागीदारांचा एक सल्लागार दर महिन्याला माझ्या शेडमध्ये येतो. ओकुमुरा त्याचं नाव. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, वाळका, कमी बोलणारा. सोबत दुभाषी म्हणून ऋतुजा असते. ओकुमुरा प्रेससमोर उभा राहून दोन मिनिटं बोलतो आणि ऋतुजा मला सांगते, "सर म्हणतात, चांगलं आहे." दोन मिनिटांत एवढंच? केबिनमध्ये बसून, नुसत्या आवाजावरून, कुठल्या प्रेसचा क्लच सैल झालाय ते मी सांगतो. आणि हा माणूस माझ्या शेडमध्ये, माझ्यासमोर, माझ्याबद्दल काय बोलतो ते मला कळू नये?

नव्या गाडीच्या सीटखालच्या ब्रॅकेटचं काम कोणाला द्यायचं, हे त्याच्या अहवालावर ठरणार आहे. ते मिळालं तर मी, बापूराव इंगोले, भाड्याच्या शेडमधून स्वतःच्या शेडमध्ये जाईन.

दूध आलं.

३ जुलै, शनिवार

काल ओकुमुरा येऊन गेला. सगळं ठीक झालं.

पाहुणा यायच्या आधी आमच्याकडे पट्ट्या निघतात. हे लिहून ठेवायला हरकत नाही, कारण त्यात माझं डोकं आहे. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो. म्हणजे दोन्ही हात बटणांवर, आत कुणाचा हात असायचा प्रश्नच नाही. पण असं काम केलं तर पत्रा ठेवा, हात काढा, दाबा, परत पत्रा काढा, दिवस तसाच जातो. म्हणून डावं बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून दाबलेलंच ठेवायचं. मग डावा हात पत्रा सरकवायला मोकळा, उजव्या हातानं बटण मारायचं. काम दीडपट होतं. माझ्या पहिल्या प्रेसवर ही पट्टी मीच बांधली, आणि आजही नवा माणूस आला की पहिल्या दिवशी मीच बांधून देतो. इथल्या निम्म्या शेडमध्ये माझं बघून हेच चालतं.

मच्छिंद्रला मार्चमध्ये अशीच बांधून दिली. तो आमच्याच गावचा, मंगरूळपीरकडचा. त्याचा बाप मला एसटी स्टँडवर म्हणाला होता, "बापू, पोरगा तुया हवाली." पोरानं चार महिन्यांत चार नंबरच्या प्रेसवर असा हात बसवलाय की ऐकत राहावं. एका लयीत, न चुकता.

ओकुमुरा काल दोन वेळा माझ्या डाव्या हाताकडे बघून काहीतरी बोलला. माझी तिथली दोन बोटं शहात्तर साली गेली, भोसरीत कामाला होतो तेव्हा. मी गमतीत सांगत असतो, अंगठीचा खर्च वाचला. ओकुमुराच्या बोलण्यात "युबी" हा शब्द मी नेमका पकडला. ऋतुजाला विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, "काही नाही काका, असंच." तिला मीच मागे सांगितलंय, फक्त कामाचं सांगत जा, बाकीचा पाल्हाळ नको.

संध्याकाळी राधाबाईंना फोन करून विचारलं. युबी म्हणजे बोट.

हसत असणार. जाऊ दे. एक दिवस मलाही कळेल आणि त्याच्या भाषेत उत्तर देईन.

२५ जुलै, रविवार

आज क्रियापदांची नवी रूपं. योगेशला एका बैठकीत पाठ झाली, मला बस थांब्यावर उभं राहून पुटपुटावी लागतात. डोकं जुनं झालंय, पण कान अजून नवे आहेत. राधाबाई टेप लावतात तेव्हा सगळ्यांच्या आधी माझा हात वर जातो. आज म्हणाल्या, "इंगोले, तुम्ही लिहिता कोंबडीसारखं आणि ऐकता घुबडासारखं." पुण्यात याला कौतुक म्हणतात.

द्वारका विचारते, एवढं ऐकून काय करणार? मी म्हणालो, माझ्याबद्दल काय बोलतात ते कळायला नको? ती म्हणाली, "मराठीत बोलतात ते तरी कुठं ऐकता?" भाजीची पिशवी उचलून गेली.

८ सप्टेंबर, बुधवार

काल सव्वाअकराला मी केबिनमध्ये होतो. चार नंबरची लय तुटली. ठोका पडला, पण वेगळा, ओला. मग सगळ्या प्रेस एकेक करून थांबल्या.

मच्छिंद्रच्या डाव्या हाताची तीन बोटं.

टेम्पोत मी त्याचा हात टॉवेलमध्ये धरून बसलो होतो. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मालक, पीस खराब झाला."

दवाखान्यात त्याची बायको सरुबाई वारज्यातून रिक्षानं आली, पदर सावरायचं भान नव्हतं. वॉर्डात वीस खाटा, सगळे बघत होते. तिनं मला विचारलं, "कसं झालं जी? तुमी व्हते ना तिथी?" मी म्हणालो, "त्याचं लक्ष नव्हतं, वहिनी."

तोंडातून निघालंच ते. वीस माणसांसमोर. मच्छिंद्र डोळे मिटून पडला होता. झोपला होता की नाही, माहीत नाही.

शेडमध्ये परतलो तेव्हा सुपरवायझर सर्जेराव म्हणाला, "शेठ, पट्टी काढून टाकलीय. सगळ्याच मशीनच्या." मी न सांगताच त्यानं केलं होतं. हुशार माणूस आहे. त्याला शाबासकी द्यावीशी वाटली नाही.

११ सप्टेंबर, शनिवार

कारखाना निरीक्षकाकडे जाणारा अपघाताचा अहवाल भरला. "कारण" या रकान्यात लिहिलं: कामगाराचे कामात लक्ष नसल्याने. माझी सही, शिक्का.

असं लिहिलं की पूर्ण भरपाईचं प्रकरण रेंगाळतं, हे मला ठाऊक आहे. पण मी त्याला सोडणार थोडाच आहे? बरा झाला की गेटवर बसवीन, पगार चालू ठेवीन. पट्टीचं लिहिलं तर शेडला टाळं लागेल आणि बावीस घरं रस्त्यावर येतील. ब्रॅकेटचं काम तर गेलंच.

द्वारकानं पोहे पुढे ठेवले आणि विचारलं, "काय लिहिलंत?"

"जे लिहायचं असतं ते."

"शहात्तर साली तुमच्या मालकानं काय लिहिलं होतं?"

पोहे गार झाले. उठलो, कामावर गेलो.

कालपासून पट्ट्या पुन्हा लागल्या. मी सांगितलं नाही. नकोही म्हणालो नाही.

२ ऑक्टोबर, शनिवार

काल जे झालं ते नीट लिहितो.

ओकुमुरा आला. चार नंबर बंद होती, त्यावर कापड होतं. तो तिथंच उभा राहिला. सर्जेरावानं आधीच ऋतुजाला सांगितलं होतं, साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं. म्हणजे मीच सर्जेरावाला सांगितलं होतं. ओकुमुरानं विचारलं. ऋतुजा माझ्याकडे बघत नव्हती, कापडाकडे बघत होती, आणि तिनं हळू आवाजात उत्तर दिलं:

"कारे वा ते ओ मिते इमासेन देश्ता."

मला कळलं.

चार महिने मी वाट बघत होतो, खऱ्याखुऱ्या माणसाच्या तोंडचं एक आख्खं वाक्य मला कधी कळेल. वर्गातल्या टेपमधलं नव्हे, माझ्या शेडमधलं. कळलं तेही एका घासात, मधला एक शब्दही सुटला नाही. तो. हाताकडे. बघत नव्हता.

जपानी लोक माझ्यापासून काय लपवतात ते पकडायला शिकलो, आणि पहिलंच पकडलं ते माझंच.

ओकुमुरा मग बराच वेळ बोलला. त्यातलं निम्मं गेलं. ऋतुजा म्हणाली, "सर म्हणतात, वाईट झालं. पुढच्या महिन्यात निर्णय सांगतील." मी तिला केबिनबाहेर गाठलं.

"एवढंच म्हणाले?"

"काका, तुम्हीच म्हणाला होतात, पाल्हाळ नको."

"आता सांग."

"सर दर महिन्याला एकच विचारतात. तुमची बोटं कशी गेली, आणि इथं आणखी किती जणांची गेली आहेत. आज म्हणाले, ज्या शेडमध्ये मालकालाही पूर्ण हात नाहीत, तिथं कुणीतरी हे थांबवायला हवं होतं."

तिचे डोळे भरले होते. पंचविशीची पोर. मी तिच्या तोंडून खोटं बोलवलं, तेही ज्या भाषेवर तिनं सहा वर्षं घालवली त्या भाषेत.

म्हणजे तो हसत नव्हता.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार, दसरा

काल खंडेनवमी. सकाळी सगळ्या प्रेस रॉकेलनं धुतल्या, पुसून कोरड्या केल्या. आमच्याकडे रीत अशी, मालक पहिला नारळ फोडतो आणि मग ज्यानं त्यानं आपापल्या मशीनला हळदकुंकू लावायचं. दुसऱ्याच्या मशीनला हात लावायचा नाही.

चार नंबरपुढे कुणी गेलं नाही. झेंडूची माळ सर्जेरावाच्या हातातच राहिली.

तेवढ्यात मच्छिंद्र आला. धुतलेला सदरा, डावा हात गळ्यात बांधलेला. कुणी बोलावलं नव्हतं त्याला. सगळे बाजूला झाले. त्यानं उजव्या हातानं माळ घातली, हळदकुंकू बोटावर घेऊन आधी प्रेसच्या डोक्याला लावलं, मग दोन्ही बटणांना.

धुतल्यावर बटणांचा रंग उघडा पडला होता. उजवं बटण झिजून आतलं पितळ चमकत होतं. डावं हिरवंगार, कारखान्यातून आलं तसं. त्यावर कधी कुणाचा तळवा पडलाच नव्हता. मी मान वळवून बाकीच्या प्रेस बघितल्या. सात प्रेस, सात पितळी बटणं, सात हिरवी.

बावीस माणसं तेच बघत होती. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. तेच जड गेलं.

मच्छिंद्र माझ्या पायाशी वाकायला लागला. मी त्याला वाकू दिलं नाही. तो म्हणाला, "मालक, दसऱ्याचं सोनं उद्या आणतो." आणि गेला.

संध्याकाळी मी कात्री घेऊन, धुताना सोडून ठेवलेल्या सातही पट्ट्या कापल्या. सर्जेराव म्हणाला, "शेठ, उद्या सुट्टी आहे, परवा बघू की." मी म्हणालो, परवा बघायचं नाहीये.

१ नोव्हेंबर, सोमवार

काल तास संपल्यावर राधाबाईंना थांबवलं. विचारलं, "बांधणे" याला जपानीत काय म्हणतात?

"काय बांधायचंय?"

"असंच."

"असंच काही बांधत नाहीत, इंगोले. बुटाची नाडी वेगळी, जनावर खुंट्याला वेगळं, पार्सल वेगळं. काय बांधायचंय ते सांगा, मग शब्द देते."

वर्ग रिकामा झाला होता. मी सांगितलं. पट्टी, बटण, मच्छिंद्र, अहवालातला रकाना. सगळं. राधाबाई फळा पुसत होत्या, पुसायच्या थांबल्या. मला वाटलं, आता एखादा टोमणा येईल. पुण्यात इतकी वर्षं काढून मी टोमण्याची वाट बघत होतो, तो आला असता तर बरं वाटलं असतं.

त्यांनी फळ्यावर एक शब्द लिहिला. "घट्ट आवळून, सुटू नये असं बांधणं. माणसालाही असंच बांधतात." मग वळल्या. "वाक्य मी रचून देणार नाही. तुमचं तुम्ही करा. चुकलात तरी चालेल."

पाच ओळी केल्या. पायजम्याच्या खिशात कागद ठेवून पाठ करतोय.

कशासाठी जपानी शिकतो, ते आता जूनमध्ये सांगितलं तसं सांगता येणार नाही. तेव्हा ऐकायचं होतं. आता एकच वाक्य बोलायचंय.

६ नोव्हेंबर, शनिवार

काल ओकुमुरा आला. मी ऋतुजाला म्हणालो, आज तू नुसती उभी राहा.

चार नंबरवरचं कापड काढलं. त्याच्यासमोर उभा राहिलो. पाठ केलेल्या पाचातल्या चार ओळी ऐन वेळी पुसून गेल्या. एक राहिली.

"हिदारी नो बोतान वा वाताशि गा शिबारिमाश्ता."

डावं बटण मी बांधलं होतं.

शेडमध्ये कुणाला कळलं नाही. ऋतुजानं तोंडावर हात ठेवला. ओकुमुरानं विचारलं, कधीपासून? मी म्हणालो, सुरुवातीपासून. त्यानं माझ्या डाव्या हाताकडे बघितलं, मग बटणाकडे. मी खिशातून पट्टीचे सात तुकडे काढून त्याच्या हातावर ठेवले. त्यानं ते मोजले नाहीत. रुमालात बांधून बॅगेत ठेवले.

मग हळूहळू, लहान मुलाशी बोलावं तसं, सोपे शब्द निवडून बोलला. नवं काम तुमच्याकडे येणार नाही. आहे ते चालू राहील की नाही, तेही मला सांगता येत नाही. अहवाल खरा करा. आणि शेवटी: "राईगेत्सु, माता किमासु." पुढच्या महिन्यात परत येतो.

कमरेत वाकला. मीही वाकलो. कोण आधी सरळ झालं, आठवत नाही.

दुपारी सर्जेराव केबिनमध्ये आला. "शेठ, काय बोललात तुम्ही त्याला? गेलं ना काम?" मी म्हणालो, गेलं. "मग एवढं पाच महिने क्लासला जाऊन मिळवलं काय?" त्याचं बरोबर होतं.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो. बोलताना वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. परके शब्द आहेत. तोंडातून निघाले तरी छातीला खरचटत नाहीत.

२१ नोव्हेंबर, रविवार

सुधारलेला अहवाल पाठवला. कारण: सुरक्षेचे डावे बटण मालकाच्या सांगण्यावरून बांधून ठेवलेले असल्याने. वकील म्हणाला, "इंगोले साहेब, असं कुणी लिहून देतं का?" खटला होईल म्हणतो. होऊ दे. निरीक्षक येऊन दोन प्रेसना सील ठोकून गेला. दिवाळी तशीच गेली.

ऋतुजानं हिंजवडीत नोकरी धरली. निरोप घ्यायला आली होती. म्हणाली, तिकडे नुसती कागदपत्रं भाषांतर करायची आहेत, माणसं नाहीत. मी म्हणालो, चांगलं झालं.

मच्छिंद्रकडे अजून गेलो नाही.

रोज ठरवतो. काल वारज्यातल्या त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, कोपऱ्यावर दोन डझन केळी घेतली आणि घरी आणली. द्वारका म्हणाली, "एवढी केळी कुणाला?" मग माझ्याकडे बघून पिशवी आत नेली. संध्याकाळी शिकरण केलं.

अहवाल मच्छिंद्रपर्यंत पोहोचणार नाही, पोहोचला तरी त्याला वाचता येणार नाही. भरपाई मिळाली की त्याला वाटेल, सरकारनं दिली. म्हणजे मी गेलो नाही तर त्याला कधीच कळणार नाही. हे मला पूर्ण समजतं, आणि तरी पाय निघत नाही.

६ डिसेंबर, सोमवार

काल जपानीची परीक्षा झाली, सगळ्यांत खालच्या पातळीची. लिहिण्यात फार काही उजेड पाडला नाही. ऐकण्याचा भाग पूर्ण बरोबर गेला असावा. योगेश बाहेर आल्यावर म्हणाला, "काका, लिसनिंगचा चौथा प्रश्न?" मी उत्तर सांगितलं. तो म्हणाला, "च्यायला, गेला." राधाबाई गेटवर उभ्या होत्या, आपल्या मुलांना बघायला. मला विचारलं, "पेपर सोडून बाकीचं झालं का?" मी मान हलवली. नाही म्हणून. त्यांनी घड्याळ बघितलं. "चारच वाजलेत."

तिथून रिक्षा केली ती सरळ वारज्याला.

एका खोलीचं घर, गॅलरीत आठ बिऱ्हाडं. मच्छिंद्र दारात बसून उजव्या हातानं शेंगा फोडत होता. मला बघून उठला. सरुबाईनं आतून चटई टाकली, पाणी दिलं. मी पाणी प्यायलो नाही. म्हणालो, "मच्छिंद्र, तुझी चूक नव्हती. पट्टी मी बांधली होती. तुझं लक्ष होतं."

जपानीत एक वाक्य होतं. मराठीत तीन लागली, आणि तिसऱ्याला आवाज राहिला नाही.

मच्छिंद्र शेंगांकडे बघत म्हणाला, "मले मालूम व्हतं ना मालक. माह्यासमोरच बांधली व्हती तुमी."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी इचारलंच कुठी?" मग म्हणाला, "आन् तुमी वॉर्डात सांगतलं व्हतं. मालकाचा शब्द खाली कसा पाडू?"

तो जागा होता तेव्हा.

मी सरुबाईकडे बघितलं. ती स्टोव्हपाशी उभी होती, हातात साखरेचा डबा. मला नाही, नवऱ्याला म्हणाली, "तुमाले मालूम व्हतं?" तिनं डबा खाली ठेवला. "तीन महिने झाले. रोज बोलली मी या माणसाले. सकाळ संध्याकाळ. तुमचं ध्यान कुठी व्हतं, लेकराचा इचार नाई केला, हात घालवून बसले. हाताले तेल लावता लावता बोलली. अन् हा माणूस आयकून घ्ये. एक डाव नाई म्हनला का माही चूक नव्हती."

मी त्याच्या हाताबद्दल विचार केला होता, भरपाईबद्दल, शेडबद्दल, माझ्याबद्दल. माझं एक वाक्य तीन महिने या खोलीत राहत होतं, त्यांच्या जेवणात, त्यांच्या तेलात, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी, ज्याला सगळं ऐकू येतं.

"वहिनी," मी म्हणालो, "माझं चुकलं."

"मले नका सांगू." ती दारात गेली आणि गॅलरीत हाक मारली, "ओ सुंदराबाई! या बरं इकडं, सगळे या." माणसं जमली, बायका, पोरं, कुणी अंघोळीतून आल्यासारखा टॉवेल गुंडाळून. सरुबाई माझ्याकडे वळली. डोळे कोरडे होते. "दवाखान्यात तुमी उभं राहून बोलले व्हते. वीस खाटांवर आयकू गेलं. आता बी उभं राहा. तितल्याच आवाजात सांगा."

मच्छिंद्र म्हणाला, "अवं, राहू दे ना." ती म्हणाली, "तुमी गप बसा."

मी चटईवरून उठलो. गुडघा धरून उठावं लागलं. गॅलरीत पंधरा-सोळा माणसं होती, शेवटचा माणूस जिन्याच्या पायरीवर. त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी पुन्हा सांगितलं.